फटका एक, क्रियापदं अनेक: 'व्हिप', 'लॅश', 'फ्लॉग', 'थ्रॅश' नेमकं कुठे वापरायचं

'पावसाने कोकणाला झोडपले.' दर पावसाळ्यात मराठी वृत्तपत्रांत छापून येणारं हे वाक्य मी भाषांतराच्या वर्गात पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिते आणि त्याचं इंग्रजी करायला सांगते. एका वर्षी एका हुशार मुलाने 'झोडपले'साठी 'फ्लॉग्ड' लिहिलं. त्याने शब्दकोश उघडून पाहिला होता. तिथे 'व्हिप', 'लॅश', 'फ्लॉग', 'थ्रॅश', 'बीट' हे सगळे शब्द एका ओळीत समानार्थी म्हणून दिले होते, त्यातला त्याला वजनदार वाटला तो त्याने उचलला. वाक्याचा अर्थ मात्र असा झाला की पावसाने कोकणाला खांबाला बांधलं आणि मोजून फटक्यांची शिक्षा दिली. इथे शब्द हवा होता 'लॅश्ड'.

चूक त्या मुलाची नव्हती. समानार्थी शब्दांच्या याद्या पाठ करायला आपणच शिकवतो. प्रत्येक शब्दात कोणतं हत्यार आहे, कोणता हात आहे आणि कशी हालचाल आहे, हे कुणी दाखवत नाही. ते एकदा डोळ्यांसमोर आलं की पाठांतर लागत नाही. म्हणून हा लेख पायरीपायरीने लिहिला आहे. सोबत एक वही ठेवा.

पायरी पहिली: आधी मराठी शब्द मांडा

इंग्रजीकडे जाण्याआधी आपल्याच भाषेत हे काम किती नेमकेपणाने होतं ते पाहा. वहीच्या डाव्या पानावर मारण्याची साधनं लिहा: चाबूक, आसूड, कोरडा, वेत, छडी, शिमटी, चिंचेचा फोक, कमरेचा पट्टा. उजव्या पानावर क्रिया लिहा: फटकावणं, झोडपणं, बडवणं, चोपणं, धोपटणं, सडकून काढणं.

आता बघा, या शब्दांत आपण कधी गोंधळ करतो का? कपडे धोपटतात आणि ढोल बडवतात. भाताच्या पेंढ्या झोडतात. एखादा लेखक ढोंगावर आसूड ओढतो, तेव्हा त्याच्या हातात चामडं नसून लेखणी आहे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. 'ढोंगावर धोपटलं' असं कुणी म्हणणार नाही, आणि का म्हणणार नाही याचा नियमही कुणी शिकवलेला नाही. लहानपणापासून ती वस्तू आणि ती हालचाल आपण पाहिलेली असते. इंग्रजी शब्दांनाही हेच पाहणं द्यायचं आहे.

पायरी दुसरी: हातात काय आहे ते विचारा

इंग्रजीला एक सोय आहे. साधनाचं नाव जसंच्या तसं क्रियापद होतं. 'केन' म्हणजे वेत, आणि वेताने मारणं हेही 'केन'. 'बेल्ट', 'स्ट्रॅप', 'हॉर्सव्हिप' यांचंही तसंच. 'बर्च' या झाडाच्या डहाळ्यांची जुडी करून मारत, म्हणून तेही क्रियापद झालं. साधन ठाऊक असेल तर थेट त्याचंच क्रियापद वापरा, मोघम शब्दाच्या मागे लागू नका.

1994 साली सिंगापूरमध्ये मायकेल फे या अमेरिकन तरुणाला मोटारींची नासधूस केल्याबद्दल वेताच्या फटक्यांची शिक्षा झाली. आधी सहा फटके ठरले होते, अमेरिकेकडून दयेची विनंती झाल्यावर ते चारवर आले. त्या प्रकरणासाठी इंग्रजीत रूढ असलेला शब्द आहे 'केनिंग', कारण सिंगापूरच्या कायद्यात शिक्षा वेताचीच आहे. तिथे 'व्हिपिंग' लिहिलं तर हत्यारच बदलतं.

साधन माहीत नसेल, किंवा हाताने, काठीने, मिळेल त्याने मारलं असेल, तर साधं 'बीट'. त्याची रूपं 'बीट, बीट, बीटन' अशी आहेत. वर्तमान आणि भूतकाळ दिसायला सारखेच असल्याने आजूबाजूच्या शब्दांवरून काळ ओळखावा लागतो.

पायरी तिसरी: शिक्षा कोण देतंय?

'फ्लॉग'चं सगळं मर्म या प्रश्नात आहे. या शब्दात अधिकार आहे. कुणीतरी शिक्षा फर्मावतो, दुसरा ती बजावतो, आणि मार खाणाऱ्याला हात उचलायची मुभा नसते. ब्रिटिश लष्करात सैनिकांना अशी शिक्षा देत, ती 1881 मध्ये बंद झाली. आरमारात त्यासाठी नऊ दोऱ्यांचा चाबूक असे. आपल्याकडे इंग्रजी अमलात 1864 साली फटक्यांच्या शिक्षेचा स्वतंत्र कायदा आला, 1909 मध्ये नवा झाला आणि स्वतंत्र भारताने 1955 मध्ये ही शिक्षा कायद्यातून काढून टाकली. त्या कायद्यांच्या नावात मात्र शब्द होता 'व्हिपिंग'. 'फ्लॉगिंग' लोकांच्या बोलण्यात आणि बातमीत जास्त दिसतो, कायद्याच्या मसुद्यात कमी.

हा फरक आजही जिवंत आहे. जुलै 2016 मध्ये गुजरातमधल्या उना इथे मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या दलित तरुणांना गाडीला बांधून मारलं गेलं. इंग्रजी वृत्तपत्रांनी त्या घटनेला 'फ्लॉगिंग' म्हटलं, आणि तो शब्द अचूक आहे. मारणाऱ्यांनी आपल्याकडे नसलेला अधिकार बळकावला होता. चारचौघांत अपमान करायचा, दहशत बसवायची, हा त्यातला हेतू होता. 'बीटिंग' लिहिलं असतं तर मार तेवढा कळला असता, हा भाग निसटला असता. बातमीचं भाषांतर करणाऱ्याने अशा जागी थांबून विचार करावा, असं मला मनापासून वाटतं.

इथेच एक नेहमीची चूक. 'त्याला पन्नास चाबकांची शिक्षा झाली' याचं इंग्रजी करताना मुलं 'फिफ्टी व्हिप्स' लिहितात. 'व्हिप' हे नाम म्हणजे चाबूक ही वस्तू. एकेक फटका म्हणजे 'लॅश', म्हणून 'फिफ्टी लॅशेस'. वेताचा फटका असेल तर 'स्ट्रोक'. वहीत ही ओळ लाल शाईने लिहा.

पायरी चौथी: वेग आणि हवा पकडा

'व्हिप'वर सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण रोजच्या बोलण्यात हाच शब्द शंभर रूपांनी भेटतो आणि त्यातल्या बहुतेक रूपांत मारणं उरलेलंच नाही. चाबूक हलतो कसा ते आठवा. मनगटाचा एक झटका, टोकाला प्रचंड वेग आणि 'फट्' असा आवाज. यातून मारणं काढून टाका, झटका आणि वेग ठेवा. खिशातून झटकन फोन काढला तर 'व्हिप्ड आउट'. गर्रकन मागे वळून पाहिलं तर 'व्हिप्ड राउंड'. फलंदाजाने मनगटं फिरवून चेंडू मिडविकेटकडे पाठवला तर समालोचक म्हणतो 'व्हिप्ड'. अचानक पाहुणे आले आणि आईने पंधरा मिनिटांत पिठलं-भात केला, तर 'व्हिप्ड अप'. पुढाऱ्याने भाषणातून लोकांच्या भावना चेतवल्या तरी 'व्हिप्ड अप', पण तिथे बहुधा निंदेची छटा येते. म्हणून आवडत्या शिक्षकाने मुलांत वाचनाची ओढ निर्माण केली, यासाठी तो वापरताना जरा जपून.

आता स्वयंपाकघरात चला. इथे मराठीही श्रीमंत आहे, म्हणून शब्दांची जोडी लावताना मजा येते. आपल्याकडे फेटणं, घुसळणं, घोटणं, कालवणं आहे. इंग्रजीत 'बीट', 'विस्क', 'व्हिप', 'चर्न', 'मिक्स'. मी वर्गात एक कसोटी देते: भांड्यात शेवटी काय घडलं ते पाहा. पदार्थ हवेने फुगला आणि हलका झाला तर 'व्हिप'. नुसतं एकजीव झालं तर 'विस्क' किंवा 'बीट'. लोणी वर आलं तर 'चर्न'. म्हणून आमलेटसाठी अंडं फेटलं तर 'बीट', पण केकसाठी अंड्यातलं पांढरं फेसाळून डोंगरासारखं उभं राहीपर्यंत फेटलं तर 'व्हिप'. ताक घुसळणं म्हणजे नेहमी 'चर्न'.

ही सीमारेषा किती खरी आहे ते क्रीम फेटताना दिसतं. क्रीम थंडगार हवं आणि त्यात स्निग्धांश निदान 30 टक्क्यांच्या आसपास हवा, तरच ते फुगतं. दुकानातली साधी पाकिटातली क्रीम बहुतेकदा याहून पातळ असते, ती कितीही फेटली तरी उभी राहत नाही. योग्य क्रीम फुगल्यावरही हात थांबला नाही, तर ते दाणेदार होतं आणि लोणी सुटू लागतं. त्या क्षणी तुमचं 'व्हिप' संपून 'चर्न' सुरू झालेलं असतं! मूगडाळीच्या भज्यांचं पीठ हलकं होईपर्यंत फेटताना आपण वाटीभर पाण्यात थेंब टाकून पाहतो. थेंब तरंगला म्हणजे आत हवा शिरली. त्या पिठासाठी इंग्रजी पाककृती लिहायची असेल तर बेधडक 'व्हिप' लिहा. 2020 च्या टाळेबंदीत घरोघरी फेटली गेलेली कॉफीही 'व्हिप्ड'च होती: झटपट कॉफी, साखर आणि गरम पाणी समान घेऊन फेस घट्ट होईपर्यंत फेटायची.

एक ब्रिटिश वापर परदेशी नोकरीत असलेल्यांना उपयोगी पडेल. कार्यालयात कुणी 'व्हिप-राउंड' म्हणालं तर घाबरू नका. सहकाऱ्याच्या निरोपासाठी किंवा बाळाच्या भेटीसाठी काढलेली ती वर्गणी आहे.

पायरी पाचवी: विधिमंडळातला चाबूक

ज्या मराठी माणसाने इंग्रजी कधी शिकलं नाही, त्यालाही 'व्हिप' हा शब्द राजकारणाने शिकवला आहे. इंग्लंडमध्ये कोल्ह्याच्या शिकारीत भरकटलेल्या कुत्र्यांना चाबूक वाजवून कळपात परत आणणारा माणूस असे, त्याला 'व्हिपर-इन' म्हणत. मतदानाच्या वेळी आपले खासदार गोळा करणाऱ्याला तेच नाव चिकटलं. आपण त्याला 'प्रतोद' म्हणतो. संस्कृतात प्रतोद म्हणजे जनावरं हाकायची पराणी किंवा चाबूक. प्रतिमा तीच ठेवून इतका नेमका शब्द निवडणाऱ्याचं मला नेहमी कौतुक वाटतं.

भाषांतर करताना लक्षात ठेवायचं ते हे, की इंग्रजीत माणूसही 'व्हिप' आणि त्याने काढलेला आदेशही 'व्हिप'. मराठीत दोन वेगळे शब्द आहेत: माणूस प्रतोद, आदेश पक्षादेश. 'इश्यू अ व्हिप' म्हणजे पक्षादेश काढणं, 'डिफाय द व्हिप' म्हणजे तो झुगारणं. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे तो झुगारणाऱ्याचं सदस्यत्व जाऊ शकतं, म्हणून आपल्याकडे हा शब्द इतका धारदार आहे. महाराष्ट्रातल्या सत्तासंघर्षावर मे 2023 मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळातल्या गटाचा नाही. त्या निकालाच्या बातम्या वाचताना मूळ वाक्यात माणूस आहे की आदेश, हे आधी ठरवावं लागतं. नाहीतर 'प्रतोद बजावला' अशी वाक्यं तयार होतात.

ब्रिटनमध्ये तिसरा अर्थही आहे. 'लूज द व्हिप' म्हणजे पक्षाच्या संसदीय गटातून बाहेर काढलं जाणं. सप्टेंबर 2019 मध्ये ब्रेक्झिटच्या वादात हुजूर पक्षाच्या 21 खासदारांच्या वाट्याला ते आलं. आणि 'थ्री-लाइन व्हिप' म्हणजे ज्या सूचनेखाली तीन रेघा ओढल्या आहेत असा, हजर राहून पक्षाच्या बाजूने मत द्यायलाच लावणारा आदेश.

पायरी सहावी: 'लॅश'चे दोन चेहरे

'लॅश' म्हणजे चाबकाचं लवचीक टोक, आणि त्याचा फटकाही. ते टोक पुन्हा पुन्हा आदळतं, म्हणून पाऊस, लाटा, वारा यांच्यासाठी हाच शब्द. मगरीचं शेपूट पाण्यावर आपटतं तेही 'लॅश'. माणूस संतापून कुणावर तुटून पडला, विशेषतः शब्दांनी, तर 'लॅश आउट अ‍ॅट'. इथलं 'अ‍ॅट' विसरू नका. आसूड ओढण्याला इंग्रजीत सगळ्यात जवळचं हेच क्रियापद आहे.

दुसरा चेहरा पूर्ण उलटा आहे. 'लॅश टू' किंवा 'लॅश टुगेदर' म्हणजे दोरीने घट्ट बांधणं. वादळात खलाशी स्वतःला डोलकाठीशी 'लॅश' करून घेतो, तेव्हा तो स्वतःला मारत नाही, बांधून घेतो. या दोन शब्दांची मुळंच वेगळी आहेत, कालांतराने रूप एकसारखं झालं. नंतर येणारं शब्दयोगी पाहिलं की अर्थ लागतो.

'व्हिपलॅश' हा वैद्यकीय शब्दही ओळखीचा असू द्या. मागून गाडी धडकल्यावर मान चाबकासारखी पुढेमागे झटकते, त्याने होणारी ती दुखापत. विम्याच्या कागदांवर तो अनेकदा दिसतो.

पायरी सातवी: खळ्यावर 'थ्रॅश' शोधा

'थ्रॅश' आणि मळणीसाठीचं 'थ्रेश' ही एकाच शब्दाची दोन रूपं आहेत. मराठीत भात झोडतात आणि प्रतिस्पर्ध्याला झोडपतात, अगदी त्याच वाटेने इंग्रजीही गेली. म्हणून क्रिकेटमधला दणदणीत पराभव 'थ्रॅश', आणि गोलंदाजीची धुलाईही 'थ्रॅश'. 'थ्रॅश आउट' म्हणजे भवति न भवति करून प्रश्नाची तड लावणं. झोडल्यावर दाणा आणि कोंडा वेगळा होतो, हे डोळ्यांसमोर ठेवा म्हणजे हा प्रयोग कायमचा लक्षात राहील. जाळ्यातला मासा तडफडतो तो 'थ्रॅश अबाउट'.

पायरी आठवी: 'फ्लॉग'चे घरगुती अर्थ

इतका भयंकर शब्द ब्रिटनमध्ये रोजच्या बोलण्यात 'विकणं' या अर्थानेही येतो. जुनी गाडी, नको असलेला सोफा कुणाच्या तरी गळ्यात मारणं म्हणजे 'फ्लॉग'. हा प्रयोग मित्रांत चालतो, अर्जात किंवा अहवालात नको.

'फ्लॉगिंग अ डेड हॉर्स'साठी मुलं 'साप साप म्हणून भुई धोपटणं' लिहितात, पण त्या म्हणीचा रोख संकट नसताना उगाच आरडाओरडा करण्यावर आहे. 'पालथ्या घड्यावर पाणी'सुद्धा जुळत नाही, तिथे दोष ऐकणाऱ्याचा असतो. मेलेला घोडा म्हणजे ज्यात आता काहीच उरलेलं नाही असा विषय. त्यासाठी आपल्याकडे 'तेच ते उगाळत बसणं' आहे. एखादी कल्पना वापरून वापरून निर्जीव केली तर 'फ्लॉग टू डेथ', आणि मराठीत विषयाचा चोथा.

जड शब्द, थोडक्यात

'स्कर्ज' मूळचा चाबूकच, आता बहुधा नाम म्हणून रोगराई, भ्रष्टाचार अशा अरिष्टांसाठी. 'फ्लॅजेलेट' मुख्यतः धार्मिक किंवा स्वतःवर ओढलेल्या फटक्यांसाठी. पोतराज स्वतःच्या अंगावर कोरडे ओढून घेतो, त्याचं इंग्रजी वर्णन करताना 'सेल्फ-फ्लॅजेलेशन' बसतं. चुकीबद्दल स्वतःला सतत कोसणाऱ्यासाठीही तेच वापरतात. जीवशास्त्रात सूक्ष्मजीवाच्या शेपटीला 'फ्लॅजेलम' म्हणतात, मराठीत कशाभिका. 'कशा' म्हणजे संस्कृतात चाबूक.

पायरी नववी: लिहा आणि मोठ्याने म्हणा

'व्हिप' आणि 'फ्लॉग' यांना 'ईडी' किंवा 'आयएनजी' लावताना शेवटचं अक्षर दुप्पट होतं, म्हणजे दोन 'पी', दोन 'जी'. 'लॅश' आणि 'थ्रॅश'ला तसं होत नाही. उच्चारात 'फ्लॉग्ड'च्या शेवटी 'ड' ऐकू येतो, पण 'व्हिप्ड', 'लॅश्ड', 'थ्रॅश्ड' यांच्या शेवटी खरा आवाज 'ट'चा आहे. आपण लिहितो 'व्हिप्ड क्रीम', तोंडातून यायला हवं 'व्हिप्ट'. बहुतेक इंग्रज 'व्हिप'मधला 'ह' उच्चारतही नाहीत.

रोज एकच क्रियापद घ्या. त्याची तीन वाक्यं स्वतःच्या घरातून, गावातून, कामातून बनवा: एक मारण्याचं, एक मारणं नसलेलं, एक उपरोधाशिवायचं साधं बातमीचं. दुसऱ्या दिवशी इंग्रजी वृत्तपत्रात ते शोधा आणि त्याच्या मागेपुढे कोणते शब्द येतात ते उतरवा. आठवड्याभरात सात क्रियापदं होतील, आणि ती विसरणार नाहीत.

एक विनंती. लहान मुलाला झालेल्या मारहाणीबद्दल लिहिताना 'स्पँक' किंवा 'वॉलप'सारखे हलके शब्द नकोत. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 17 ने शाळेतली शारीरिक शिक्षा निषिद्ध ठरवली आहे. तिथे 'बीट' किंवा 'अ‍ॅसॉल्ट' लिहा, घडलं ते तसंच दिसू द्या.

आता सराव. पुढच्या जागी क्रियापद निवडा: लाटांनी मुरुडचा किनारा झोडपला. आजीने चक्का आणि साखर फेटून एकजीव केली. सरपंचांनी दोन्ही भावांना बसवून बांधाचा वाद निकाली काढला. कोळ्यांनी दोन होड्या एकमेकींना घट्ट बांधल्या. मामाने जुना ट्रॅक्टर एकदाचा खपवला.

उत्तरं अशी: 'लॅश्ड', 'विस्क्ड', कारण चक्का फुगत नाही, एकजीव होतो, 'थ्रॅश्ड आउट', 'लॅश्ड टुगेदर', आणि मामा साताऱ्याचा असला तरी लंडनच्या भाचीने सांगितलं तर 'फ्लॉग्ड'.